जिन्यातला राउटर

सोमवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ९.४०

इंटरनेट बंद. पेपर वाचायला लॅपटॉप उघडला तर पान पांढरं फटक. घाबरण्यासारखं काही नाही. एकतीस वर्षं आस्थापना शाखेत काढली, त्यातली अकरा हेडक्लार्क म्हणून. याहून किचकट प्रकरणं चहा निवायच्या आत निकालात काढली आहेत. दुपारपर्यंत विषय संपवतो.

मुद्दाम नोंदवून ठेवतो: लेकीची पीएचडीची तोंडी परीक्षा शनिवारी २१ तारखेला, सकाळी ११ वाजता. ती परगावी. परीक्षा ऑनलाइन, घरच्यांनी बघायला हरकत नाही. लिंक आली आहे. सहा वर्षं पोरीने गोगलगाईंवर घालवली. माझ्या मनात तिच्यासाठी वेगळं काहीतरी होतं, पण ते असो. काल फोनवर म्हणाली, बाबा, बोलायला लागण्याआधी मी स्क्रीनवर तुमचा चेहरा शोधणार आहे, तुम्ही दिसायला हवेत. मी शब्द दिला. बारा दिवस आहेत. म्हणजे चिक्कार.

सकाळी १०.१५

बायको म्हणाली, राउटर बंद करून चालू करा, जगात सगळे तेच करतात. तिला पुन्हा एकदा परिस्थिती समजावून सांगितली. वरच्या मजल्यावर दादा आणि वहिनी, खाली आम्ही. जिना सामाईक. जिन्याच्या वळणावर लाकडी खोक्यात राउटर, म्हणजे सिग्नल दोघांना सारखा. चौदा महिन्यांपूर्वी दादाने मला न विचारता जिन्याच्या भिंतीला फिकट हिरवा रंग लावला. त्यानंतर मी करार तयार केला. अकरा कलमं, स्वच्छ टाइप केलेली, खाली दोघांच्या सह्या. कलम चार: कोणीही जिन्याचं वळण ओलांडून दुसऱ्याच्या बाजूला जायचं नाही. कलम सात: सामाईक वस्तूला दोघांच्या एकत्र हजेरीशिवाय हात लावायचा नाही. राउटर सामाईक आहे. दादाशी बोलणं तेव्हापासून बंद आहे. आता एकत्र हजेरी आणायची कुठून?

बायको म्हणाली, कलम तुम्हीच लिहिलंय ना, मग तुम्हीच खोडा. कागदाचं महत्त्व तिला कधी कळलंच नाही.

थंड डोक्याने विचार केला. राउटर माझ्या अखत्यारीत नाही. लॅपटॉप आहे. तेव्हा बिघाड लॅपटॉपमध्येच असणार.

दुपारी ४.३०

लॅपटॉपची साफसफाई केली. आतल्या प्रोग्रॅमची यादी उघडली तर नव्वदच्या वर नोंदी. निम्म्यांची नावं आयुष्यात ऐकली नव्हती. यादी तारखेप्रमाणे लावून घेतली. ऑफिसचा साधा नियम आहे, पाच वर्षांवरचं रेकॉर्ड नष्ट करायचं. असे चौदा प्रोग्रॅम निघाले. एकेक करून उडवले. मध्ये दोन-तीनदा लॅपटॉपने विचारलं, नक्की काढायचं का? नवीन क्लार्क पहिल्या वर्षी असेच विचारायचे. प्रत्येक वेळी ठामपणे हो म्हटलं. बरोबर ४.१२ ला काम पुरं झालं. लॅपटॉप मोकळा झाल्यासारखा वाटतो.

मधेच बायको सांगून गेली की समोरच्या शिवणकामवाल्या बाईंकडेही सकाळी नेट नव्हतं, कंपनीचाच घोळ होता आणि अकरा वाजता सगळ्यांचं परत आलं. ऐकीव माहिती. शिवाय मी तेव्हा नष्टीकरणाच्या मधोमध होतो, असल्या वेळी लक्ष विचलित होऊ द्यायचं नसतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी. सकाळी ९.००

लॅपटॉप सुरू केला. काल कोपऱ्यात वायफायचं चिन्ह होतं आणि इंटरनेट नव्हतं. आज चिन्हही नाही, त्या जागी एक गोल आणि त्यावर फुली. मी याला प्रगतीच म्हणेन. लॅपटॉप निदान खरं बोलायला लागला.

संकल्प केला. रोज सकाळी एक तास शिस्तीत काम. चिडायचं नाही. दादाचं नाव काढायचं नाही.

सकाळी ९.२०

दादालाच हे सगळं कळत असणार. वर बसून गालातल्या गालात हसत असेल. हे त्याचं लहानपणापासूनचं.

बुधवार, ११ फेब्रुवारी. दुपारी १.००

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. पंचवीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक बाई आल्या. म्हणाल्या, आमच्याकडून तुमचं कनेक्शन चालू दिसतंय. मी म्हणालो, तुमच्याकडे बंद असल्याची माझी तक्रारच नाही, माझ्याकडे बंद आहे. त्यांनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. मी कलम सात पूर्ण वाचून दाखवलं. त्यावर त्यांनी मला वरिष्ठांकडे दिलं. वरिष्ठांनी विचारलं, हे घर आहे की कोर्ट? आवाज जरा चढवला तर फोन कट झाला. लेखी तक्रार करायची आहे. ती ऑनलाइनच करावी लागते असं कळलं.

दुपारी ३.१५

बायको स्वयंपाकघरात बहिणीशी व्हिडिओवर बोलत होती. अर्धा तास. हसणं पार हॉलपर्यंत. विचारलं, हे कसं चालतंय? म्हणाली, घरच्या नेटवर. तिला समजावलं की फोनला स्वतःचं नेट असतं, घराचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि कुकरची शिट्टी काढायला वळली. तिचा पॅक संपल्याचं तीच परवा म्हणत होती. कंपनीच्या नजरचुकीने चालू राहिला असणार. मी काही बोललो नाही, उगाच कुणाला जागं कशाला करा.

गुरुवार, १२ फेब्रुवारी. सकाळी ११.००

जिन्याच्या वळणापर्यंत जाऊन राउटर पाहिला. पाहणं म्हणजे हात लावणं नव्हे, हे मी करारातच स्पष्ट केलेलं आहे. दिवा हिरवा. हिरवा म्हणजे सगळं ठीक, असं राउटरवरच छापलं आहे. पण दादाचं आणि हिरव्या रंगाचं जे नातं आहे ते बघता या दिव्यावर विसंबून राहता येणार नाही.

दादाला नोटीस क्रमांक १ लिहिली. विषय: सामाईक राउटर बंद असल्याबाबत. वळणावरच्या कुंडीखाली ठेवली. आमची टपाल देवाणघेवाण तिथेच होते, कलम नऊ.

संध्याकाळी ५.३०

उत्तर आलं. माझ्याच नोटिशीच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने, तारीख नाही, सही नाही. "माझ्याकडे चालू आहे. वर ये."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. दुपारी २.००

दुपारची झोप झाली नाही. दादाच्या उत्तरावर विचार करत होतो. वरवर पाहता पाच शब्द, पण पाणी इथेच मुरतंय. "माझ्याकडे चालू आहे." एकच राउटर, एकच तार, आणि त्याच्याकडे चालू, माझ्याकडे बंद! म्हणजे माझं नेट त्याने मुद्दाम तोडलं आहे आणि वर लेखी कबुली दिली आहे. एकतीस वर्षांत इतकी सरळ कबुली कुणी दिली नव्हती. "वर ये" हे तर सरळ सरळ कलम चारचा भंग करायला चिथावणी देणं आहे.

आजपासून लॅपटॉपवर संशय नाही. संशय वरच्या मजल्यावर. नोटीस क्रमांक २ तयार. भाषा सौम्य, आशय कडक. बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, अहो, एकदा वर जाऊन बघून या ना, सोळा तर पायऱ्या आहेत. मी म्हणालो, प्रश्न पायऱ्यांचा नाही. मग कशाचा आहे, असं तिने विचारलं. तेव्हा दारावर कुणीतरी आलं म्हणून बरं झालं.

रविवार, १५ फेब्रुवारी. सकाळी ११.३०

बायकोने फोनचा पॅक भरून घेतला आणि त्याचं नेट लॅपटॉपला देऊन बघू म्हणाली. मी संधी दिली. तिने फोन शेजारी ठेवला, काहीतरी दाबलं. लॅपटॉपला काही दिसेना. फुली तशीच. ती म्हणाली, बघा, म्हणजे बिघाड लॅपटॉपच्याच आत आहे. मी उलटा निष्कर्ष काढला. दादाचा हात फोनच्या नेटपर्यंतही पोचला आहे. हे कसं केलं ते माहीत नाही, पण तो कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात होता, त्याला वायरींच्या सगळ्या खोडी माहीत.

दुपारी १.१०

लेकीचा फोन. विचारलं, लॅपटॉप झाला का? नव्वद टक्के झाला म्हटलं. म्हणाली, नाहीच झाला तर वर काकांकडे बसून बघा, काकांनी माझ्याकडून लिंक मागून घेतलीय. तिने दादालाही लिंक दिली! करारात याबद्दल काहीच नाही, माझीच चूक. मी म्हणालो, हा आपल्या घरातला कार्यक्रम आहे. ती म्हणाली, काका पण घरातलेच आहेत, बाबा. शाळेत असताना माझे सगळे शिंपले त्यांनी डबे करून ठेवले होते, आठवतंय ना? मला आठवतंय, पण हा त्याचा विषय नव्हे.

फोन ठेवताना तिने विचारलं, तुम्ही असाल ना नक्की? आवाज बारीक झाला होता. नेटवर्कमुळे असेल.

सोमवार, १६ फेब्रुवारी

नोटीस २ चं उत्तर. पुन्हा पेन्सिल. "अरे, चालू आहे. लॅपटॉप घेऊन वर ये, बघू." हे "अरे" मला अजिबात आवडलेलं नाही. कार्यालयीन पत्रव्यवहारात अरे-तुरे चालत नाही. नोटीस ३ फक्त याच मुद्द्यावर दिली.

मंगळवार, १७ फेब्रुवारी. दुपारी १२.४५

बायकोच्या समाधानासाठी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला. बँकेच्या मागच्या गल्लीत एक बाई चालवतात. काउंटरवर तीन लॅपटॉप उघडे पडलेले, स्क्रू बाटल्यांच्या झाकणांत मोजून ठेवलेले, आणि डोळ्यांवर घड्याळवाल्यासारखी भिंगाची काच. मला आजोबा म्हणाल्या. तिथेच त्यांच्या निरीक्षणशक्तीचा अंदाज आला.

पाच मिनिटं बटणं दाबली आणि म्हणाल्या, वायफाय चालवणारा प्रोग्रॅमच कुणीतरी काढून टाकलाय. कधी ते पण दिसतंय, नऊ तारखेला दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी. घरात लहान मुलं आहेत का? मी नाही म्हटलं. मग कोण आहे, असं विचारलं. मी म्हणालो, माझा थोरला भाऊ वरच्या मजल्यावर राहतो. त्या म्हणाल्या, ते माहीत नाही, पण हा प्रोग्रॅम मी परत टाकते, दहा मिनिटांचं काम, घरी गेल्याबरोबर नेट लागेल. तुमच्या घरातल्या नेटला काही झालेलं नाही.

मी त्यांना थांबवलं. घाईत घेतलेले निर्णय अंगाशी येतात. बारकाईने विचार करता लक्षात आलं की लॅपटॉप इथे दुरुस्त झाला तर बिघाड माझ्या बाजूला होता असं सिद्ध होईल. मग तीन नोटिसांचं काय? चौदा महिने मी सांभाळलेल्या भूमिकेचं काय? दादा ते आयुष्यभर ऐकवेल. न बोलता ऐकवेल, त्याची ती खासियत आहे. मी बाईंना विचारलं, बिघाड बाहेरून आल्याचं लेखी देता येईल का? त्या म्हणाल्या, आतून आलाय आजोबा, बाहेरून आलाय असं कसं लिहून देऊ?

लॅपटॉप आहे तसा पिशवीत घालून परत आणला. त्या दारापर्यंत आल्या, म्हणाल्या, दहाच मिनिटं लागतात हो.

दुपारी १.३०

बायकोने विचारलं, झाला का? मी म्हणालो, निदान एकतर्फी होतं, मान्य केलं नाही. बोलण्याच्या ओघात दहा मिनिटांचंही सांगून बसलो. ती स्टुलावर बसली. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुरू होईल, पण नाही. भाजी निवडत राहिली. मला हे बरं वाटायला हवं होतं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी. सकाळी १०.००

नोटीस क्रमांक ४, अंतिम. "शनिवार दि. २१ रोजी सकाळी १०.३० वाजता जिन्याच्या वळणावर उभय पक्षांनी हजर राहून सामाईक राउटरची एकत्रित पाहणी करावी. गैरहजर राहणाऱ्या पक्षाची जबाबदारी त्याच्यावर राहील." दोन प्रती. एक दादाला, एक फायलीत.

दुपारी ४.००

उत्तर लगेच आलं. "शनिवारी ११ ला सगळे वरच बसू. खुर्च्या काढून ठेवल्यात."

पाहणीबद्दल अवाक्षर नाही! खुर्च्यांचा उल्लेख मात्र आहे. डाव उघड आहे. मी वळण ओलांडलं की कलम चार संपलं. वरच्या जिन्याला तीच हिरवी भिंत दोन्ही बाजूंनी. तिच्यातून मुकाट्याने चालत गेलो म्हणजे रंग मला मान्य झाला, असाच अर्थ निघतो. इतकी वर्षं फायली वाचल्या आहेत, मला कोण बनवणार!

बायको विचारत होती, शनिवारी कोणता शर्ट घालणार, इस्त्री करून ठेवते. पांढरा म्हटलं, पाहणीसाठी तोच बरा. ती म्हणाली, जाऊबाईंशी माझं ठरलंय, आम्ही दोघी वरच बसणार, करारावर आमच्या सह्या नाहीत. हे खरं आहे. तेव्हा त्यांच्या सह्या घेण्याची गरज मला वाटली नव्हती. मग ती इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, अहो, पोर आयुष्यात एकदाच डॉक्टर होते. मी म्हणालो, म्हणूनच तर मी इतका ठाम आहे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी. संध्याकाळी ६.००

लॅपटॉपला आज हात लावला नाही. उद्याचं वेळापत्रक तयार. १०.३० दादा वळणावर येईल. १०.३५ राउटर एकत्रितपणे बंद. १०.३६ चालू. १०.४० नेट सुरू. १०.४५ दादाची भिंतीबद्दल दिलगिरी, तोंडी चालेल, लेखीचा आग्रह धरणार नाही. १०.५० मी खाली हॉलमध्ये, लॅपटॉपसमोर, पांढऱ्या शर्टात. दहा मिनिटं हाताशी राखून ठेवली आहेत.

सगळं काही नियंत्रणात आहे.

शनिवार, २१ फेब्रुवारी. सकाळी १०.२०

जिन्याच्या वळणावर. ही नोंद जागेवरच करतो आहे. स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. मांडीवर लॅपटॉप, पायाशी करार, नोटिसा, लेकीच्या लिंकचा कागद. राउटरचा दिवा हिरवा. त्याकडे दुर्लक्ष.

१०.३२

दादा आला नाही. दोन मिनिटं सवलत.

१०.४०

बायको चांगली साडी नेसून वर निघाली. जिना अरुंद, माझं स्टूल मध्ये. मी पाय बाजूला घेतले. ती म्हणाली, चला. मी म्हणालो, पाहणी झाली की लगेच. ती जरा वेळ पायरीवर उभी राहिली, मग गेली. वरचं दार तिने लावून घेतलं नाही.

१०.५२

वहिनी दारात आल्या. भाऊजी, चला ना वर, सगळे थांबलेत, म्हणाल्या. मी अदबीने सांगितलं की मी त्यांच्या यजमानांची वाट पाहतो आहे. वहिनी आत गेल्या. आत काहीतरी बोलणं झालं. दादाचा आवाज आला, राहू दे, येईल तो. तो येईल म्हणे. यायचं त्याने आहे!

११.०१

लेकीचा आवाज. वरच्या दारातून. दादाने आवाज मोठा ठेवला आहे, मला ऐकू यावा म्हणूनच, मुद्दाम खिजवायला.

तिने सगळ्यांना नमस्कार केला. नंतर काही क्षण काहीच बोलली नाही. परीक्षकांपैकी कुणीतरी म्हणालं, सुरू करा. तिने सॉरी म्हटलं. आणि सुरू केलं. ती का थांबली होती ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

११.०४

फुली बघितली. लॅपटॉप बंद करून चालू केला. फुली.

११.२०

ऐकू येतंय बऱ्यापैकी. गोगलगाईंचे शंख बहुतेक उजवीकडे वळतात. हजारातली एखादी निघते डावीकडे वळणारी. या दोघींचं एकमेकींशी जुळता जुळत नाही, असं ती सांगत होती. एकाच कुळातल्या, एकाच ओल्या भिंतीवर, तरी. दादाने हे नीट ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

आवाज अजिबात कापत नाही तिचा. स्पष्ट बोलते. हे माझ्याकडून आलं.

११.३५

आता प्रश्न. एका परीक्षकाने फार वेळ घेतला. ती अडकली. एकदा पुन्हा सांगा म्हणाली. मी स्टुलावरून उठलो. उठून काय करणार होतो कोण जाणे. बसलो. तिने उत्तर दिलं. बरोबर असावं, तो पुढे काही बोलला नाही.

स्टूल गैरसोयीचं आहे. पाठ भरून आली.

११.५०

अजूनही पाहणीला हरकत नाही. दादा आता आला तरी चालेल. मी दहा-पंधरा मिनिटं थांबायला तयार आहे.

१२.०५

टाळ्या. स्क्रीनवरच्या आणि वरच्या घरातल्या. परीक्षकांनी तिला डॉक्टर म्हणून हाक मारली. वहिनी रडत होत्या, बायको हसत होती, की उलट, दारातून कळत नव्हतं. दादा नुसताच शाब्बास, शाब्बास म्हणत होता. त्याला नेहमी एकच शब्द सुचतो.

मी पण टाळ्या वाजवल्या. लॅपटॉप मांडीवरून घसरला. पकडला.

१२.१२

परीक्षक गेले, घरचेच राहिले. लेकीने विचारलं, काका, बाबा कुठेत? सुरुवातीला खूप शोधलं, दिसले नाहीत.

आता माझी लक्तरं वेशीवर टांगली जाणार, असं मला वाटलं. दादा चौदा महिने वाट बघत होता, त्याला अशी संधी पुन्हा कुठली मिळणार? दादाने घसा खाकरला. म्हणाला, अगं, इथेच होता. माझ्या मागे बसला होता, कॅमेऱ्यात आला नसेल. शेवटी डोळे भरून आले त्याचे, तोंड धुवायला गेलाय. येईलच.

संध्याकाळी ६.३०

घरी. हॉलमध्ये. हे शांतपणे लिहायला हवं.

दादा खोटं बोलत नाही. लहानपणी काच फुटली की मी लपायचो आणि तो सांगून टाकायचा. रंगाच्या वेळीही विचारलं तर सरळ म्हणाला होता, हो, मीच लावला, तुला आवडेल असं वाटलं. हे दुसरं वाक्य मी करारात घेतलं नव्हतं.

त्याचं बोलणं संपेपर्यंत मी वळणावर उभा होतो. मग लॅपटॉप स्टुलावर ठेवला. फाइल तिथेच राहिली. वरच्या आठ पायऱ्या चढलो. दोन्ही बाजूंना हिरवी भिंत होती, तिच्याकडे काही बघितलं नाही.

चार खुर्च्या काढलेल्या होत्या, एक रिकामी. दादाने वळून पाहिलं नाही. ती रिकामी खुर्ची मात्र पायाने मागे सरकवली, स्वतःच्या खुर्चीच्या थोडी मागे. मी तिथे बसलो. चौदा महिन्यांनी त्याची मान इतक्या जवळून पाहिली. मागचे केस सगळे पांढरे झाले आहेत.

स्क्रीनवर लेक होती. केस बांधलेले, गळ्यात ओळखपत्र. मला बघितल्यावर तिचा चेहरा आधी हसरा झाला आणि मग रडवेला. तिने विचारलं, बाबा, कसं झालं? मी म्हणालो, डावीकडे वळणाऱ्यांचा भाग फार छान मांडलास. बायकोने माझ्याकडे चटकन बघितलं. लेक खूश झाली. म्हणाली, तोच भाग बोलताना मी घाबरले होते. मी म्हणालो, अजिबात जाणवलं नाही. यातलं काही खोटं नव्हतं. पण तिने चेहरा शोधला तेव्हा तो तिथे नव्हता, आणि ते काही आता दहा मिनिटांत दुरुस्त होणारं काम नाही.

मग ती स्क्रीनच्या जवळ आली आणि म्हणाली, बाबा, तुमचा चेहरा ओला दिसतोय.

मी काही बोलायच्या आत दादाच म्हणाला, सांगितलं ना, तोंड धुवायला गेला होता.

मी हो म्हटलं. तोंड मी धुतलं नव्हतं.